रोलरवर दांडी नव्हती

४ जानेवारी
हरले! कोर्ट म्हणतं, निष्काळजीपणा माझाच. लाँड्रीतल्या इस्त्रीच्या रोलरवर बोटं अडवणारी दांडी होती म्हणे. नव्हती! असती तर आज डाव्या हातानं हे कोंबडीचे पाय काढत बसले नसते. आई म्हणते, "झालं गेलं, सोड आता." सोडते की काय! अपील करणार.

२० जानेवारी
टपालानं पाकीट आलं. आत दुरुस्तीच्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स! अक्षर आमच्या जुन्या मिस्त्रींचं — माझ्या अपघातानंतर नोकरी सोडून गेले ते. "मालकांच्या सांगण्यावरून दांडी काढली. काम हळू होतं म्हणून." तारीख माझा हात जायच्या आठच दिवस आधीची. मी घरभर नाचले. दादा अजून त्याच लाँड्रीची गाडी चालवतो, तरी म्हणाला, "लढ तू. माझं मी बघतो." आई भांडी घासत राहिली.

२३ जानेवारी
वकीलबाईंनी उत्साहावर पाणी ओतलं. अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. "प्रयत्न करूनही आधी मिळाला नव्हता, हे शपथेवर सांगावं लागेल. घरातच पडून होता असं निघालं, तर कठीण आहे." घरात? मिस्त्रींचा पत्ता शोधत जोडे झिजवलेत मी! आणि मालक तर अशी वहीच नाही म्हणाले होते. लिहा बाई, बिनधास्त लिहा!

२ फेब्रुवारी
शपथपत्र तयार. उद्या सही.

३ फेब्रुवारी
वकीलबाईंनी पाकिटावरच्या पत्त्यावर कळवून मिस्त्रींनाही बोलावलं होतं. चहा पिता पिता ते मला म्हणाले, "पहिली झेरॉक्स हरवलीस होय गं? खटल्याआधीच तुझ्या आईच्या हातात दिली होती. तू हरलीस असं कळलं, म्हणून पुन्हा पाठवली."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, फाडा तो कागद, नव्यानं लिहा — पान घरात होतं, मला ठाऊक नव्हतं. खोटी शपथ घ्यायला मी काय मालक आहे? नाही घेतला पुरावा, तर नाही. मी खरं तेच सांगणार.

४ फेब्रुवारी
आईला विचारलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "दादाची नोकरी गेली असती. तुझा हात तर गेलाच होता."