ठकी नावाचं रोप

४ मार्च
पोचले एकदाची! मावशीने फाटकातच मिठी मारली आणि हाडं टोचतात म्हणून रागावली. इथे खाल्लेलं अंगाला लागेल म्हणे. आई गेली तेव्हा मी अंगावर पीत होते. मावशीने मला वाढवलं, माझ्यापायी लग्नही केलं नाही. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण आमच्याच घरात डोकावून कुणीतरी केली असावी! आता तिच्याच प्रयोगशाळेत नोकरी. लोकांची पाची बोटं तुपात असतात, माझी तेलात.

काम मोठं मजेचं आहे. बीमध्ये तेल किती धरायचं हे ठरवणाऱ्या जनुकांना झाडाने कुलूप घातलेलं असतं. त्या कुलपाला बसेल अशी किल्ली, म्हणजे प्रथिन, मावशी घडवते. किल्ली बसली की बीच काय, पानंसुद्धा तेलाने भरतात. काचघरात एक पान चुरडलं तर बोटं तुळतुळीत झाली.

इथे रोपांना घरची नावं देतात. जुन्या रोपावर ‘माई’ अशी चिठ्ठी आहे. आईला मावशी माईच म्हणायची. शेजारच्या कोवळ्या रोपावर ‘ठकी’, म्हणजे मी! मला भरूनच आलं.

११ मार्च
नोकरीची तपासणी म्हणून मावशीने स्वतःच माझं रक्त काढलं. संध्याकाळी लहानपणासारखं पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. माझ्याच रोपाचं, बाटलीवर तसं लिहिलंय. मी म्हटलं, माझ्याच तेलात तळतेयस मला. ती खूप हसली. रोज लावणार म्हणाली.

२६ मार्च
गाल वर आलेत. मावशी खूश. पण हात धुवायला नळाखाली धरले तर पाणी टिकेचना, थेंब होऊन घरंगळून गेलं. मी ऐकत नसे तेव्हा मावशी म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी. ते आठवून हसू आलं. साबणाने तीनदा धुतले तरी तेच.

२ एप्रिल
तेल तपासायच्या यंत्रावरचे काका रजेवर गेलेत, म्हणून फ्रीजमधली ‘ठकी’ची कुपी मीच लावली. कोलेस्टेरॉल निघालं, तेही भरपूर. झाडात ते नावापुरतं असतं. इतकं असतं ते प्राण्यात. माझाच काहीतरी घोळ झाला असणार, म्हणून कुपी पुन्हा लावली. तेच. मग ‘माई’ची जुनी कुपी लावली.

त्यातही तेच.

कुपीत पानाचा रस नव्हताच. चिठ्ठ्या रोपांच्या नव्हत्या, आमच्या होत्या: माझ्या आणि आईच्या रक्तातल्या तेलाच्या.

३ एप्रिल
मावशीला विचारलं. वाटलं होतं, दचकेल, निदान खोटं तरी बोलेल. तिने चहा पुढे सरकवला आणि समजावून सांगितलं, लहानपणी गणित समजवायची तसं. रोपात फक्त किल्ली तयार होते आणि तेलातून अंगात उतरते, मग अंगही पानासारखं तेलाने भरतं. माणसात नेमकी बसते ती एकाच रक्ताला. पहिली माईला बसली होती, पण माई टिकली नाही. मग तिच्याच रक्ताचं कुणीतरी लागणार होतं, आणि ते वाढायला वेळ लागतो.

वाढायला. रोपाबद्दल बोलावं तसं बोलली.

मी विचारलं, माझ्यासाठी लग्न केलं नाहीस ना? ती म्हणाली, तुझ्यासाठीच तर.

ठकी नाव तिनेच ठेवलेलं. ठकी ठकली. मला त्या तेलापेक्षा तिची माया जास्त जाळते आहे, कारण ती खोटी नव्हती. कुंडीवरही ती तशीच माया करते.

५ एप्रिल
पळायला निघाले. दाराची मूठ गोल, गुळगुळीत. दोन्ही हातांनी धरली. हात फिरतात, मूठ नाही. बाहेरून माळी गेला. ओरडले. त्याला ती नुसती हाक वाटली, त्याने हात हलवला, मावशीनेही समोरच्या खिडकीतून हलवला —

पदराने धरून पाहिली. पदरही ओला झालाय. तेलाने.

७ एप्रिल
पेन निसटतं. कागद माझ्या मनगटाखाली पारदर्शक होतो, पार पहिल्या पानावरचं दिसतं — पोचले एकदाची —

आई, तुला कळलं होतं का? की तूही हसत हसत तिच्यापुढे —

८ एप्रिल
शाई कागदावर धरत नाही

मावशी आलीय. हातात बाटली, कंगवा. म्हणतेय, ये गं ठके, डोकं दे

नाही देणार. नाही. पण इतकी वर्षं याच हाकेला — मान आपोआप खाली