घासलेला नंबर

चिंचवड, खंडेनवमी, १९५४

आज सकाळी पूजेसाठी रायफली पुसायला घेतल्या. माझ्या संग्रहातल्या पहिल्या महायुद्धाच्या दोन, आणि सोपानरावांनी परवा माझ्यासाठी आणलेली तिसरी. तिच्यावरचा नंबर कानशीने घासलेला दिसला.

प्रसादाला आल्यावर सोपानरावांना विचारलं. ते हसले. "नाना, चाळीस वर्सांची म्हातारी हाय ती, झिजायचीच की!"

झिजलेलं लोखंड असं चमकतं? सोपानरावांचा भाऊ देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला. उगाच संशय घेतोय का मी? अशी रायफल सात वर्षं शोधत होतो. पण तो घासलेला नंबर... चोरीच्या हत्याराला हळदकुंकू कसं वाहू? बोललो तर लहानपणापासूनचा मित्र जाईल.

दुपारी चौकीत रायफल जमा केली. कोणी आणून दिली, तेही सांगितलं.