फक्त हात दिसतील

मी, खाली सही करणारी, वय एकेचाळीस, धंदा शिवणकाम. शरीर संपत आलंय, डोकं जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं शेजारी लिहून दिलंय. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आहे, पण तो दाराबाहेर उभा आहे.

१. घर आणि बँकेतले पैसे निम्मे नवऱ्याला, निम्मे लेकीला. शिलाई मशीन लेकीला. तिला शिवायचं नसेल तर विकावं, शोभेला ठेवू नये. मोठी कात्री वन्संना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला. त्यांनी एकदा त्या कात्रीने कागद कापून धार घालवली होती आणि मी वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. आता खुशाल कापा.

२. माझं चॅनल. मी ब्लाउजचं कटिंग शिकवायचे, नवरा शूटिंग करायचा. सुरुवातीलाच ठरलं होतं, फक्त हात दिसतील. तोंड, घर, लेक, काही नाही. लोक लिहायचे, "ताई, चेहरा तरी दाखवा." मी म्हणायचे, बाही हाताने बसते, तोंडाने नाही. मला लोकांचं वावडं नव्हतं. त्यांच्यामुळेच हे घर झालं. हातांचे व्हिडिओ राहू द्यावेत. कोणीतरी आज पहिल्यांदा बाही लावत असेल.

३. ऑपरेशननंतर मी गुंगीत असताना नवऱ्याने माझा उजवा अंगठा माझ्याच फोनवर टेकवला, फोन उघडला आणि माझं टक्कल, माझं उघडं पडलेलं तोंड चॅनलवर टाकलं. लेकीला शाळेत मैत्रिणीने विचारलं, "तुझी आई गेली का गं?" मी नवऱ्याला जाब विचारला तर म्हणाला, "अगं, लोक प्रार्थना करतायत. वाच तरी." रडत होता, हेही लिहायला हवं. रडत रडत व्ह्यूज दाखवत होता.

तो व्हिडिओ आणि त्यानंतरचे सगळे काढून टाकावेत. चॅनल वन्संच्या नावे. त्यांना फोन फक्त उचलता येतो. बाकीचं लेक शिकवेल.

४. मी गेल्यावर वन्संनी माझा उजवा हात मुठीत धरून बसावं. आंघोळ घालताना, नेताना, सोडू नये. मेलेल्या बोटाने फोन उघडतो की नाही, मला माहीत नाही. नवऱ्यालाही नाही, म्हणून तो करून बघेल. कोणी विचारलं तर सांगावं, भावजयीवर माया होती.

५. वकील म्हणाले, सही करतानाचं शूटिंग ठेवा, कोर्टात उपयोगी पडतं. नवरा लगेच स्टँड घेऊन आला.

"यात चेहरा दिसायलाच हवा गं."

"सक्ती नाही," वकील म्हणाले, "पण नसेल तर उद्या वाद होऊ शकतो."

"कोण घालणार वाद?"

वकील चष्मा पुसत बसले. नवरा म्हणाला, "मी काय तुझा शत्रू आहे का?" दारापर्यंत गेला आणि वळला. "पण हे तू शुद्धीत लिहिलं नाहीस, असं मी म्हटलं तर?"

म्हणावं. कोर्टात मी खोटी पडले तरी चालेल. शूटिंग केलेलं नाही.

ठिकाण: आतली खोली, दाराला कडी.
दिनांक: आज, सोमवार, आकडे वकिलांनी वर घातलेत.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), शेजारच्या लाँड्रीवाल्या काकू (सही). मी सही करताना दोघींनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.