डॅशबोर्डवरच्या टिकल्या

सिंदी मेघे, वर्धा
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय ताईस,

अश्वजितचा जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या पायांची सूज उतरली का? आईने बाळासाठी वाकळ शिवायला घेतली आहे. अनुपभाऊजींना नमस्कार सांग.

फोन करता आला असता, पण आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकर, आणि बाबा शेजारच्याच खाटेवर. गल्लीतला अंकुश शनिवारी सरकीच्या ढेपेचा टेम्पो घेऊन तुमच्या वडनेरला येणार आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो. चुका काढू नकोस. शाळा दहावीत सुटली तरी तू घोटून घेतलेले ऱ्हस्व-दीर्घ अजून सांभाळून आहे.

रविवारी तुला बाळंतपणासाठी आणायचं ठरलं आहेच. भाऊजी सोडून देतो म्हणाले, तर बाबांना राग आला. "माह्या पोरीले माह्याच गाडीत आणीन, अन् चालवीन बी मीच." आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसापुढे काय बोलणार?

पण गाडी झटके मारत होती. काट्यांच्या मधोमध इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला. बाबांना विचारलं, दिवा कधीपासून लागला? म्हणाले, "कोणता दिवा? पेट्रोल खराब आलं असन." मला चैन पडेना. मी एक स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढा आहे. स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवला की गाडीतला बिघाड मोबाइलवर दिसतो. बाबा अंगणातून ओरडले, "काऊन बे, गाडीले थर्मामीटर लावून राह्यला का?"

आई म्हणाली, "लावू द्या. तुमी तं सोताले बी लावू देत नाई."

कोड आला पी ०३०१. म्हणजे पहिला सिलिंडर नीट पेटत नाही. कशामुळे, ते मात्र स्कॅनर सांगत नाही. मग पहिल्या सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल दुसऱ्यावर लावली आणि दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसून गल्लीत एक चक्कर मारली. कोड बदलला, पी ०३०२. कॉइल जिकडे गेली तिकडे दोषही गेला. म्हणजे कॉइलच खराब. संशय असला की जागा बदलून पाहायची, एवढंच तंत्र आहे. नवीन कॉइल उद्या बसवतो.

गाडी आतूनही पुसून काढली. कपाळावरची टिकली काढून कुठेही चिकटवायची आईची सवय तुला माहीत आहे. गाडीतही तेच. लाइटच्या दांडीवर एक, काचेच्या बटणावर एक, पंख्याच्या बटणावर एक. सगळ्या नखाने काढल्या. डावीकडचा दरवाजा फाटकाला घासला आहे, पण आपलं फाटक अरुंदच आहे.

बाकी ठीक.

शुक्रवार

ताई, काल "बाकी ठीक" लिहून पाकीट चिकटवलं होतं. ते फाडून पुढे लिहितो आहे.

कॉइल बसवली. बाबा स्टिअरिंगवर बसले, मी बॉनेटपाशी. लाइट लावा म्हटलं तर कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागला. "दांडी कोनं बदलवली बे?" म्हणून चिडले. मी म्हटलं, "राहू द्या. पिवळा दिवा गेला का पाहा बरं."

"गेला. शाब्बास रे माह्या मिस्तरी!"

मोबाइल घेऊन मी खिडकीशी गेलो. कॉइल बदलली तरी आधीचा कोड पुसावा लागतो, तोवर दिवा जात नाही. मी अजून पुसला नव्हता. दिवा त्यांच्या तोंडासमोर लख्ख पिवळा जळत होता.

मी कोड पुसला आणि आत गेलो. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टिकल्या तूच काढल्या ना?"

"हो."

"बोटानं हुडकतेत ते. दिवाळीपासून धुकं दिसते म्हणतेत. दीपमालाले सांगजो नको, तिचे दिवस भरत आले."

"अन् हायवेवरचे, जामच्या चौकातले ट्रक?"

"मी हाओ ना बाजूले. ट्रक आला का सांगीन."

ताई, ती हे भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. फाटक अरुंद नाही. मला ते कालही माहीत होतं, फक्त लिहवत नव्हतं.

संध्याकाळी दुकानातून टिकल्यांचं पाकीट आणलं. दुकानदार हसला, "लग्न जमलं का बे?" होत्या तिथे सगळ्या परत चिकटवल्या. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

शनिवार, सकाळ

अंकुश बाहेर हॉर्न वाजवतो आहे. थोडक्यात लिहितो.

मघाशी बाबा गाडीत जाऊन बसले. दांडीवरून बोट फिरवलं आणि थांबले. मी घाईत खड्यांच्या टिकल्या आणल्या होत्या. आई साधी लावते.

"ह्या तुह्या मायच्या नोहेत," म्हणाले.

मी खिडकीशी गेलो.

"मले रस्ता पाठ हाये रे."

"रस्ता पाठ हाये बाबा. ट्रक पाठ नाईत."

त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मला वाटलं, आता शिव्या बसतील. मग उतरले, बॉनेटवर हात ठेवत ठेवत गाडीला वळसा घातला आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. "बस तिकडं. अन् क्लचवर पाय ठेवून झोपू नको."

तर उद्या मी चालवत येतो आहे. हायवेवर मी कधी गाडी घातलेली नाही. सावकाश येईन, उशीर झाला तर घाबरू नकोस. गाडीत आता एकही कोड नाही, आज सकाळी पुन्हा पाहिलं. डोळ्यांच्या दवाखान्याचं तूच काढ, दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार नाहीत. मी का चालवतो आहे, हे मात्र त्यांना विचारू नकोस.

आणि एक. गाडीतून उतरून बाबा तुझ्या दाराकडे येतील. ओसरीवर कोण उभं आहे, ते त्यांना जवळ येईपर्यंत कळणार नाही. तू थांबू नकोस. आधी हाक मार, मोठ्याने.

तुझाच,
अश्वजित