फादरांकडे आलेला पाहुणा

शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०१३, र्युसेल्सहाइम, जर्मनी

मन थाऱ्यावर नाही. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या चेक फादरांना सूप द्यायला गेले, तेवढ्यात बेल वाजली. फादरांनी पडदा जरा सरकवून पाहिलं आणि पांढरेफटक पडले. "घरी नाही म्हणून सांग."

दारात काठी टेकत एक म्हातारा उभा. मी खोटं बोलले. तो हसला. "गेनाऊ, बरोबर. मग रविवारी चर्चमध्येच भेटतो."

मग फादरांनी सांगितलं. कम्युनिस्टांच्या काळात तिकडे, त्यांच्या देशात, ते आणि त्यांचे दोन मित्र, तिघे तरुण पाद्री, चोरून उपासना करायचे. लॅटिन सोडून चेक भाषेत, लोकांकडे तोंड करून. लोकांना कळावं, एवढ्यासाठीच ना? एक मित्र तुरुंगात गेला तो परतलाच नाही. फादर इकडे पळाले. आणि पोलिसांना नावं देणारा तिसरा, तो हा.

"आता या वयात तो काय करणार तुम्हाला?" मी विचारलं.

"तो काहीच करणार नाही. रविवारी मी प्रसाद वाटताना माझ्यापुढे हात पसरेल, आणि मला तो द्यावा लागेल."

पडदा अजून घट्ट ओढलेला होता. सूप गार झालेलं. मी म्हटलं, रविवारी मी येते सोबत.

"ये. पुढेच बस," फादर म्हणाले, "आणि माझ्या हातांवर लक्ष ठेव."

ते प्रसाद देतील की मागे सरतील, हे विचारायचं धाडस झालं नाही.