कपाटामागचा कोळी

सुयोग,

बाळाला घेऊन मुलुंडला आईकडे चाललेय. फोन करू नकोस, मी ओरडेन.

तुझा तो कपाटामागचा तळहाताएवढा कोळी! "राहू दे गं, झुरळं खातो, गावाला आमच्याकडे कुणी मारत नाही," म्हणत तू मला झाडू उचलू दिला नाहीस. त्याच्या पोटाखाली कापूस चिकटलाय असं आपण दोघं समजलो. कापूस नव्हता रे, अंडी होती. सकाळी पाळण्यातली गोधडी झटकली, तर शेकडो पिल्लं माझ्या हातावर चढली. बाळ कडेवर होतं म्हणून वाचलं.

पेस्ट कंट्रोलवाल्याला आजच बोलाव. मोठा कुठे गेला, मला दिसला नाही. हसायचंय तर हस, पण आधी तुझी उशी उचलून बघ.

ऋतिका