मनस्वीसाठी बंधारा

२ डिसेंबर
आजपासून नदी माझी जबाबदारी. इतकी वर्षं इतरांवर सोडली, परिणाम समोर आहे: प्लास्टिक, निर्माल्य आणि एक अख्खी गादी. ख्रिसमसच्या सुट्टीत नात मनस्वी मुंबईहून येतेय. तिला नदीत पोहायला शिकवायचं वचन दिलंय.

५ डिसेंबर
अडीच तास काठाची सफाई. एकटाच. आळीने ग्रुपवर अंगठे दिले, हात कोणी दिला नाही. शेजारच्या निलेशच्या मोरीचं पाणी थेट नदीत जातं. त्याला चारचौघांत झापलं. म्हणतो, काका, तुमचाही पाइप आहे की. आमचा पाइप संडासाच्या टाकीचा ओव्हरफ्लो आहे. फरक आहे.

९ डिसेंबर
पाणी गुडघाभरच. उपाय सोपा: सिमेंटच्या गोणींत वाळू भरून बंधारा. गावोगाव घालतात. आपल्या घराच्या जरा खालीच घालणार, म्हणजे व्हरांड्यातून मनस्वीवर लक्ष राहील. सेफ्टी फर्स्ट.

११ डिसेंबर, सकाळी ७
साबेरा आली. ही खाली खाडीच्या चिखलात शिंपल्यातले मुळे काढून विकते. म्हणाली, "भाऊ, भरती अडवू नका. ती येते, घान धुऊन नेते. कोंडलीत तर घान जायची कुठं?"
मी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. हेड क्लार्क होतो, पण बंधाऱ्यांच्या सगळ्या फाइली माझ्याच हातून गेल्या. आता हिने मला पाणी शिकवायचं.

१५ डिसेंबर
बंधारा पूर्ण. कमरेइतकं पाणी. बोर्ड लावला: 'तरणघाट', खाली माझं नाव. दमयंती म्हणते, वास येतोय. तिला लग्नापासून सगळ्यालाच वास येतो.

२३ डिसेंबर
पाणी हिरवट. जिवंत नदीचं लक्षण. निलेशने परस्पर बाटली भरून टेस्टला दिली. रिपोर्टला आठवडा लागणार. मनस्वी उद्या येते. एका कागदासाठी पोरीची सुट्टी फुकट घालवायची?

२५ डिसेंबर
मनस्वी दहा हात पोहली! दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. त्याशिवाय कोणी शिकत नाही.

२७ डिसेंबर
मनस्वीला उलट्या, जुलाब, ताप. आरे-वारेच्या किनाऱ्यावर खाल्लेली भेळ बाधली असणार.

२८ डिसेंबर
ॲडमिट. सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, कुठे पोहायला गेली होती का? मी सांगितलं. ते नुसते लिहीत राहिले. सुई टोचताना मनस्वीने माझा हात सोडून आजीचा धरला. लाज वाटली. फार वाटली.

३० डिसेंबर
रिपोर्ट आला. पाण्यात मैल्याचे जंतू. मोऱ्या सगळ्यांच्या आहेत; संडासाचा पाइप आळीत एकच.
संध्याकाळी ओहोटीला साबेराने चार बायका आणून बंधारा फोडला. मला विचारलंही नाही. कोंडलेली घाण खाली गेली, म्हणून आता महिनाभर तिला मुळे काढता येणार नाहीत. तिने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

४ जानेवारी
मनस्वी मुंबईला गेली. अर्धी झालीय. गाडीत बसताना म्हणाली, "आजोबा, पाइप काढलात की कळवा. मग येईन." हो म्हटलं.
बोर्ड उलटा करून मागे 'पाण्यात उतरू नये' रंगवून घेतलं. पेंटरने विचारलं, खाली नाव घालू? घाल म्हटलं.
प्लंबर येऊन गेला. नवा शोषखड्डा हवा, त्यासाठी अंगणातल्या सगळ्या फरश्या उखडाव्या लागतील. गेल्याच वर्षी बसवल्यात.
पावसाळ्यानंतर बघू.